द्राक्षाचा एक कंटेनर आणि अख्खा भूगोल : समुद्री व्यापार वर्गात शिकवताना

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेसमोरच्या रस्त्याने पांढरे रीफर, म्हणजे आतला माल थंड ठेवणारे, कंटेनर जायला लागतात. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात सातवी-आठवीला भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत एका मुलाने विचारलं, "बाई, यात आमच्याच गावची द्राक्षं असतात ना? मग हे जातात कुठे?" त्याच आठवड्यात मी वर्गात सुएझ कालवा शिकवला होता. १८६९ हे साल सगळ्यांना पाठ होतं. पण समोरून जाणारी पेटी त्याच कालव्यातून जाते, हे एकाही मुलाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायचं मलाही सुचलं नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी द्राक्षाच्या हंगामात आठ-दहा तासिका मी एकाच कंटेनरच्या मागे घालवते. भूगोल आणि अर्थशास्त्राचे निम्मे धडे त्यात आपोआप येतात.

हा लेख अशी सुरुवात पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांसाठी आहे. लागतं ते एवढंच : एक पृथ्वीगोल, दोऱ्याचं रीळ, मोजपट्टी, मैदानावर आखायला फक्की, वाटीभर चिंचोके आणि एखादा स्मार्टफोन.

आधी एक वस्तू ठरवा

"जगाचा समुद्री व्यापार" असा विषय फळ्यावर लिहिला की मुलं वही उघडतात आणि मनाने निघून जातात. म्हणून एकच वस्तू घ्या. तिची निवड करताना दोन गोष्टी पाहा : मुलांनी ती पिकताना किंवा बनताना डोळ्यांनी पाहिलेली असावी, आणि ती खरोखर समुद्र ओलांडत असावी. आमच्याकडे द्राक्षं आहेत. सोलापुरात टॉवेल घेता येतील, विदर्भात कापूस, कोकणात कोळंबी, गोव्यात मुरगाव बंदरातून जाणारं लोहखनिज. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत हाच प्रवास उलटा करा : भारतीय दुकानातून आणलेली तांदळाची पिशवी घ्या आणि मागे मागे जात शेतापर्यंत पोचा.

गावातून काहीच बाहेर जात नसेल तर स्वयंपाकघरातून सुरुवात करा. मुलांना घरचे डबे आणि पाकिटं पाहून यादी करायला सांगा. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सूर्यफुलाचं तेल युक्रेन-रशियातून, मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियातून, तूरडाळीची तूर मोझांबिक, टांझानिया, म्यानमारमधून. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. त्या उन्हाळ्यात तेलाचा डबा कितीला पडला, ते घरच्या मोठ्यांना विचारून यायला सांगा. आई-आजीला भाव तोंडपाठ असतात.

यादी झाली की एक आकडा द्या : वजनाच्या हिशेबाने भारताचा सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रातून होतो. मुलांचा अंदाज आधी घ्या, मग आकडा सांगा. आमच्या वर्गात बहुतेकांना वाटतं, सगळं विमानाने येतं.

बागेत एक तास

हे काम मुलंच तुमच्यापेक्षा चांगलं करतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, साखर उतरणं हे ज्याच्या घरी बाग आहे त्या मुलाला उभं करून सांगायला लावा. तुम्ही फक्त दोन प्रश्न विचारा. ही द्राक्षं इथेच का पिकतात? उत्तरात कोरडा थंड हिवाळा येतो, निचऱ्याची जमीन येते, गोदावरीचं पाणी येतं. आणि युरोपला ती फेब्रुवारी-मार्चमध्येच का हवी असतात? इथे मुलं अडखळतात, आणि अडखळू द्यावं.

उत्तर पृथ्वीगोलावर आहे. आपल्या हिवाळ्यात चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका इथे उन्हाळा असतो, त्यांची द्राक्षं तेव्हा युरोपात असतात. त्यांचा हंगाम सरत येतो आणि इजिप्त, स्पेनचा अजून सुरू व्हायचा असतो. मधल्या फटीत आपला माल शिरतो. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे ऋतू उलटसुलट होतात, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे शेतकऱ्याच्या पैशाशी जोडलं जातं.

फक्कीचा कंटेनर

आता सगळ्यांना मैदानावर न्या. फक्कीने ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद चौकट आखा. हा मोठा कंटेनर, उंची साडेनऊ फूट. मधोमध रेघ मारली की दोन २० फुटी पेट्या होतात. जहाजाची क्षमता या २० फुटी पेटीत मोजतात, त्या मापाला टीईयू म्हणतात. अख्खा वर्ग चौकटीत मांडी घालून बसवा. चाळीस मुलं सहज मावतात.

मग हिशेब. युरोपला जाणाऱ्या ४० फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं बसतात. पाच किलोच्या खोक्याने किती खोकी? २,६००. तुझ्या घरच्या बागेतून एका एकराला किती टन निघतात? म्हणजे एक कंटेनर भरायला किती बाग लागेल? ज्याच्या घरी बाग आहे तो पटकन सांगतो, ज्याच्या घरी नाही तो त्याच्याकडून शिकतो.

मुलांना सर्वांत जास्त ज्याने हलवलं तो भाग यापुढचा आहे. शाळेच्या फाटकापासून रस्त्याने ४०० मीटर मोजत चालायचं. दर शंभर मीटरला एक मूल थांबवायचं. शेवटचं मूल इतकं लांब दिसतं की हाक ऐकू जात नाही. आता सांगा : २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात जे 'एव्हर गिव्हन' जहाज आडवं अडकलं, ते एवढं लांब होतं. रुंदी ५९ मीटर. त्याची क्षमता २०,१२४ टीईयू. २० फुटी पेटी ६.१ मीटर लांब असते, तेव्हा एवढ्या पेट्या एकापुढे एक ठेवल्या तर रांग किती होईल, ते मुलांनी तिथेच मातीत काडीने गुणून काढायचं. जवळजवळ १२३ किलोमीटर होते. नाशिकहून निघालेली रांग कसारा घाट उतरून पडघा-भिवंडीकडे पोचेल. आमच्या वर्गात हे उत्तर आल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

इथेच पेटीचा इतिहास दोन वाक्यांत सांगून घ्यावा. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाने अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेट्या पाठवल्या. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर खर्च यायचा, तो सुमारे १६ सेंटांवर आला. इथे थांबून विचारा, मग स्वस्त झालं ते कोणाच्या पोटावर? मुंबईच्या गोद्यांत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांची गोष्ट इथे आलीच पाहिजे. वर्गात कोणाचे आजोबा गोदीत असतील तर त्यांना बोलवा.

आठवीच्या मुलांसाठी एक गणित खास राखून ठेवा. प्रत्येक कंटेनरवर चार इंग्रजी अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक असतो. तो शेवटचा अंक तपासणीचा आहे. 'ए' ला १०, 'बी' ला १२, 'सी' ला १३ अशा किमती देत जायचं आणि ११, २२, ३३ हे आकडे वगळायचे. मग पहिल्या अक्षराची किंमत १ ने गुणायची, दुसऱ्याची २ ने, तिसऱ्याची ४ ने, पुढे ८, १६, ३२ असं दुप्पट करत दहाव्या जागेपर्यंत. बेरजेला ११ ने भागून जी बाकी उरेल तो शेवटचा अंक, बाकी १० आली तर शून्य. 'सी-एस-क्यू-यू ३०५४३८' घेऊन पाहा : बेरीज ६,१८५ येते, बाकी ३. चौकटीतला अंक ३ असायला हवा. आमची मुलं आता महामार्गावर दिसेल त्या कंटेनरचा नंबर वहीत टिपतात आणि जुळतो का पाहतात. एक अंक चुकीचा टिपला की गणित बोंबलतं आणि चूक आपली आपल्यालाच सापडते.

दोरा आणि पृथ्वीगोल

पुढची तासिका दोऱ्याची. मुलांच्या गटाला सांगा, मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर ते नेदरलँड्समधलं रॉटरडॅम बंदर असा दोरा लावा. दर वर्षी एक तरी गट दोरा सरळ इराण-तुर्कस्तानवरून ताणतो आणि आनंदाने ओरडतो, "बाई, हे तर सोळा सेंटिमीटरच आहे!" त्यांना चूक म्हणू नका. ही विमानाची वाट आहे. आता म्हणा, आपलं जहाज आहे, त्याला पाणी शोधून द्या.

मग दोरा बोटाने सरकवत मुलं अरबी समुद्र ओलांडतात, एडनच्या आखातात शिरतात, बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या तोंडातून लाल समुद्रात जातात. बाब-अल-मंदेब म्हणजे अश्रूंचं दार, हे सांगा, नाव विसरत नाहीत. पुढे सुएझ, १९३ किलोमीटरचा खोदलेला कालवा. मग भूमध्य समुद्र, जेमतेम १४ किलोमीटर रुंदीची जिब्राल्टरची सामुद्रधुनी, बिस्केचा उपसागर, इंग्लिश खाडी आणि ऱ्हाईन नदीच्या मुखाजवळचं रॉटरडॅम. वाटेत दोन्ही हातांना कोणकोणते देश लागतात ते मुलांनीच वाचायचं. ही नावं मी कधी पाठ करून घेतली नाहीत. दोरा सरकवताना ती वाचावीच लागतात.

आता मोजणी. ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलाचा घेर ९४ सेंमी, पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणजे एक सेंटिमीटरला सुमारे ४२५ किमी. सुएझमार्गे दोरा साडेसत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे सुमारे ११,७०० किमी. मग सांगा, समजा सुएझ बंद झाला. दोरा आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून न्यायचा. तो ४६-४७ सेंटिमीटर होतो, जवळजवळ २०,००० किमी. मुलांच्या मापात एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतोच, चालेल. दोन्ही दोरे शेजारी शेजारी फळ्यावर चिकटवून ठेवा. पुढचे सगळे तास ते तिथे राहू द्यात.

एक सावधगिरी. हाच प्रयोग भिंतीवरच्या नकाशावर करू नका. सपाट नकाशात उत्तरेकडची अंतरं ताणलेली असतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे, पण अनेक भिंतीवरच्या नकाशांत दोन्ही सारखेच दिसतात. वेळ असेल तर दोरा दोन्हींवर लावून फरक दाखवा, नकाशा म्हणजे काय हे त्यातून कळतं.

रेखांशाचं गणितही इथेच उरकतं. न्हावा शेवा सुमारे ७३ अंश पूर्व, रॉटरडॅम साडेचार अंश पूर्व. फरक साडेअडुसष्ट अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेचार तासांच्या थोडं वर. घड्याळातला फरक साडेचार तास आहेच. मार्चअखेर तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि तो साडेतीन होतो.

किलोमीटरचे दिवस, दिवसांचे पैसे

माझ्या मते हा या सगळ्या अभ्यासाचा गाभा आहे, म्हणून इथे दोन तासिका द्या.

जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किमी. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. १६ नॉटने चालणारं जहाज दिवसाला सुमारे ७११ किमी कापतं. सुएझमार्गे साडेसोळा दिवस, केपमार्गे अठ्ठावीस. मधल्या बंदरांत थांबण्याचे दिवस वेगळे. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली द्राक्षं टिकतात, पण काढणीपासून एक एक दिवस मोजला जात असतो. मुलांना विचारा : बारा दिवस वाढले तर घडाचं काय होईल? देठ सुकतो, मणी गळतात, हे त्यांना घरी माहीत असतं.

हे नुसतं "समजा" नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजं केपवरून वळवली. २०२४ च्या हंगामात आमच्या भागातली द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली. फळ्यावरचा लांब दोरा दाखवून मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणून पप्पा रोज फोनवर कंटेनर पोचला का विचारायचे." तिच्या घरचा माल त्या जहाजावर होता. पुढची पंधरा मिनिटं तीच बोलली, मी फळ्यावर लिहून घेत होते.

आता पैसा. खरे दर दर आठवड्याला बदलतात, म्हणून शक्य असेल तर गावातल्या निर्यातदाराला किंवा माल निवडून खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसच्या व्यवस्थापकाला विचारून या. नाहीतर धरून चाला, आणि धरलेले आकडे आहेत हे मुलांना स्पष्ट सांगा. समजा जहाजाचं भाडं कंटेनरला ३ लाख रुपये. १३,००० किलोंनी भागलं की किलोला २३ रुपये. केपवरून जायचं म्हणून भाडं साडेचार लाख झालं तर किलोला साडेचौतीस. हे वरचे साडेअकरा रुपये कोण भरणार? शेतकरी, निर्यातदार, की तिकडचा गिऱ्हाईक? वर्गात वाद होऊ द्या. जो कोणी म्हणेल की गिऱ्हाईक भरेल, त्याला विचारा, मग त्याने चिलीची द्राक्षं घेतली तर? जो म्हणेल शेतकरी, त्याला विचारा, तो माल झाडावर ठेवू शकतो का? मागणी, पुरवठा, पर्याय, नाशवंत माल हे सगळे शब्द इथे गरज पडली म्हणून येतात, तेव्हाच फळ्यावर लिहा.

दुसरा हिशेब रस्त्याचा. निफाडहून बंदर सव्वादोनशे-दोनशेतीस किलोमीटर. समजा ट्रकला ४०,००० लागले, तर किलोमीटरला सुमारे १७५ रुपये. तीन लाखांत ११,७०० किमी गेलेल्या जहाजाला किलोमीटरला २६ रुपयेही पडत नाहीत. मुलांचा विश्वास बसत नाही, पुन्हा भागून पाहतात. मग त्यांना ४०० मीटर लांबीचं ते जहाज आठवून द्या : एकाच इंजिनवर हजारो पेट्या, खर्च सगळ्यांत वाटला जातो.

सरकारचा हातही दाखवायला हवा, आणि आमच्या तालुक्यात त्यासाठी कांद्याएवढं चांगलं उदाहरण नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवली. शहरात भाव आवरावा म्हणून बंदी, आणि लासलगावला त्याच बंदीने भाव पडला. दोन्ही बाजू दोन गटांना द्या आणि प्रत्येकाला आपली बाजू मनापासून मांडू द्या. मी या वादात शेतकऱ्याच्या बाजूने आहे, पण वर्गात ते शेवटी सांगते.

चिंचोक्यांचा बाजार

वर्गाचे सहा गट करा : शेतकरी, निर्यातदार, जहाज कंपनी, विमा कंपनी, रॉटरडॅमचा आयातदार, सरकार. प्रत्येकाला शंभर चिंचोके. शेतकरी निर्यातदाराशी भाव ठरवतो, निर्यातदार भाडं आणि विम्याचा हप्ता देतो, जहाज कंपनी वाट निवडते, सरकार शुल्क घेतं, आयातदार शेवटी पैसे देतो. मग एका डब्यातून चिठ्ठी काढायची. चिठ्ठ्यांवर काय लिहाल ते असं : बाब-अल-मंदेबजवळ हल्ला झाला, कालव्यात जहाज अडकलं, सहा दिवस थांबा, रुपया घसरला, कंटेनरचं थंडयंत्र बंद पडलं, औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, माल नाकारला, दक्षिण आफ्रिकेचा हंगाम लवकर संपला. अंशांची चिठ्ठी जरूर ठेवा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षं युरोपात खरंच अडकली होती आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना ते वर्ष फार जड गेलं.

चार-पाच फेऱ्या खेळा. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीनंतर विमा कंपनीच्या मुलींनी हप्ता सांगण्याआधी विचारायला सुरुवात केली, "तुम्ही कोणत्या वाटेने जाणार?" जोखमीची किंमत कशी ठरते यावर मी काही वेगळं सांगण्याची गरज उरली नाही.

खेळ संपल्यावर 'एव्हर गिव्हन'ची गोष्ट पूर्ण करा. २३ मार्चला अडकलं, २९ मार्चला सुटलं. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, व्यवस्थापन जर्मन, कालवा इजिप्तचा, आणि जहाजावरचे २५ कर्मचारी सगळे भारतीय. इजिप्तने नुकसानभरपाई मागून जहाज जुलैपर्यंत रोखून धरलं. मुलांना विचारा, बिल कोणाच्या नावाने फाडायचं? त्या वेळी मालकाने जुना सागरी नियम पुढे केला : जहाज वाचवायला जो खर्च आला तो जहाजमालक आणि ज्यांचा माल जहाजावर आहे ते सगळे मिळून वाटून घेणार. मुलांना हे आधी अन्यायाचं वाटतं. मग विचारा, वादळात जहाज बुडू नये म्हणून तुझी पेटी समुद्रात फेकली आणि माझी वाचली, तर तुझं नुकसान एकट्या तुझं का?

बंदर दाखवायचं असेल तर

मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली. एका बंदरावर फोनवर बोलणं झालं होतं एवढ्या भरवशावर बेचाळीस मुलं घेऊन गेले. लेखी परवानगी नव्हती, आम्हाला फाटकावरून परतावं लागलं. डबे रस्त्याच्या कडेला खाल्ले. तेव्हा पत्र किमान दोन महिने आधी द्या, मुलांची यादी आणि ओळखपत्रं जोडा आणि लेखी होकार हातात आल्याशिवाय बस ठरवू नका.

परवानगी नाही मिळाली तरी बंदर दिसतं. गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसा, न्हावा शेव्याच्या क्रेन समोर उभ्या दिसतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच आणखी स्वस्त. जहाजं धक्क्याला लागण्यासाठी बाहेर नांगर टाकून थांबलेली दिसतात. मोठं जहाज बंदरात आणायला तिथलं पाणी ओळखणारा स्थानिक वाटाड्या, म्हणजे पायलट, जहाजावर चढतो आणि भरतीची वेळ पाहिली जाते, हे तिथे सांगा. भरतीची वेळ मुलांनी आधीच काढून ठेवावी. कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे मुंबईत पाणी सहाच्या सुमारास भरतं. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दिवसागणिक पाऊण तास पुढे सरकत जातं. जागेवर जाऊन ताडून पाहण्यासारखी गोष्ट आहे.

जाणं शक्यच नसेल तर फोनवर जहाजं दाखवणारी संकेतस्थळं उघडा. मोठ्या जहाजांवर आपलं ठिकाण कळवणारं यंत्र असतं आणि त्यावरून नकाशावर जहाजाचं नाव, झेंडा, वेग, पुढचं बंदर दिसतं. एक जहाज निवडून रोज प्रार्थनेनंतर एका मुलाने त्याचे अक्षांश-रेखांश फळ्यावर लिहायचे. खोल समुद्रात गेल्यावर फुकटच्या सेवेत ते दिसेनासं होतं, घाबरू नका. मधल्या दिवसांचं ठिकाण मुलांनी वेगावरून अंदाजाने काढायचं आणि जहाज पुन्हा किनाऱ्याजवळ दिसलं की किती चुकलो ते पाहायचं.

बंदराची दुसरी बाजू

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आज तिथे वर्षाला ७० लाखांहून जास्त टीईयू हाताळले जातात. ज्या उरण परिसरात ते उभं आहे तिथे भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी होती. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात पाच जण गोळीबारात गेले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं धडकली, कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं, किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा धंदा बसला. आता डहाणूजवळ वाढवण बंदराचं काम सुरू आहे, त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. आमच्या द्राक्षाला बंदर हवं आहे. वाढवणच्या कोळ्याला त्याची खाडी हवी आहे. आठवीच्या मुलांना हा पेच पूर्ण समजतो. त्यांना दोन्हीकडची पत्रं लिहायला लावा : एक बागायतदाराचं कोळ्याला, एक कोळ्याचं बागायतदाराला. मी पाहिलेली सर्वांत चांगली उत्तरपत्रिका हीच.

गुण द्यायचेच असतील तर स्थळांची नावं विचारू नका. असा प्रश्न द्या : "जिब्राल्टरची सामुद्रधुनी महिनाभर बंद झाली तर आपल्या कंटेनरचं काय होईल?" ज्याने दोरा लावला आहे तो बरोबर लिहितो की मग सुएझचाही उपयोग नाही, माल भूमध्य समुद्रातल्याच एखाद्या बंदरात उतरवून पुढे रेल्वेने न्यावा लागेल, नाहीतर केप.

रिकामी पेटी

शेवटची तासिका परतीची ठेवा. रॉटरडॅमला द्राक्षं उतरली, पेटी रिकामी झाली. ती तशीच परत आणायची तर भाडं वाया. मग तिच्यात काय भरून आणता येईल? मुलं मशीन म्हणतात, चॉकलेट म्हणतात. रीफर आहे, थंड राहायला हवं असं काहीतरी शोधा म्हणावं. उत्तर त्यांना नाशिकच्या फळबाजारात सापडतं : इटली, पोलंड, बेल्जियमची सफरचंदं. प्रत्येकाने एक सफरचंद निवडून त्यावरचा छोटा गोल स्टिकर सोलून वहीत चिकटवायचा आणि दोरा घेऊन पुन्हा पृथ्वीगोलापाशी यायचं, या वेळी तिकडून इकडे.